वाळणारा फेस

रिटायर झाल्यापासून सकाळी आरशासमोर मी उगाच घुटमळतो. फळीवर मुलाने आणलेली क्रीमची ट्यूब असते, वाटीत दाढीचा गोल साबण असतो आणि शेजारी अंघोळीची वडी. क्रीमचा फेस लोण्यासारखा, कितीही वेळ ओला राहतो. तेच मला सोसत नाही. तेवढा वेळ आरशातल्या माणसाकडे बघत बसावं लागतं. गोल साबणाचंही तेच, जरा कमी इतकंच.

नोकरीत असताना मी अंघोळीचीच वडी गालांवर घासायचो. दुसऱ्या गालाशी रेझर पोचेपर्यंत तिचा फेस वाळायला लागतो, कातडी ताणते आणि हात आपोआप पळतो. कापलं तर तुरटी फिरवायची आणि बस गाठायची.

आज तिन्ही वस्तू उचलून पाहिल्या, परत ठेवल्या आणि शेवटी वडीच घासली. लगेच अंगात जुनी लगबग आली. रेझर भराभर चालू लागला, हनुवटीवर कापलंसुद्धा.

बायको टॉवेल घेऊन दारात आली. "अहो, हळू. कुठे जायचंय का?"

माझा हात थांबला. उत्तर शोधेपर्यंत उजव्या गालावरचा फेस वाळून गेला.