खळ्यावरचे बूट

परवा परसातला पाचोळा पेटवताना मी वारा बघितलाच नाही. ठिणगी उडून शेजाऱ्याच्या कडब्याची पेंढी धुमसली. बायकोनं घागर ओतली. मी मात्र 'वाऱ्यानं केलं हो' असं शेजाऱ्याला सांगून मोकळा झालो.

त्या जळक्या कडब्याच्या वासानं मला निजामाच्या शेवटच्या वर्षात, मानवतजवळच्या आमच्या खळ्यावर नेलं. कुणीतरी लिंबावर तिरंगा लावला होता. तो उतरवायला निजामाच्या पोलिसांचा एक साहेब बंदूकवाल्यांची तुकडीच घेऊन आला.

काका हात जोडून म्हणाले, "साहेब, शिडी आमी देतो. झेंडा उतरवा, पर खळ्याला हात लावू नका. लेकरं काय खातील?"

खळ्यात पायताण घालून आमच्याकडं कुणी जात नाही. साहेब बुटांसकट शिरला आणि कणसांच्या राशीकडं बोट करून म्हणाला, "जला दो!" पलिता धरलेला शिपाई शेतकऱ्याघरचा असावा. त्यानं सवयीनं कडेला बूट काढले, अनवाणी आत आला आणि रास पेटवली. शेजारची कडब्याची गंजीही गेली.

पुढं वरचा अधिकारी चौकशीला आला, तेव्हा साहेब म्हणाला, "मैं तो डराने बोला था. जवानां जला दिये." शिक्षा शिपायाला झाली. एका झेंड्यापायी गाव उपाशी ठेवलं आणि वर हे! आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे सगळं मी बायकोला तावातावानं ऐकवलं. ओली पेंढी झटकत ती म्हणाली, "खरं हाय तुमचं. आता शेजाऱ्याकडं जा, अन् वाऱ्यावरचा आळ काढून या."