फाटकावरचा गलांडा

"पाणी नको! ओ पाव्हणं, पाणी नको!"

असं ओरडत आबा केबिनमधून धावत यायचे, हातात लाल झेंडा. रेल्वेगाड्यांना ते हिरवा दाखवायचे. लाल झेंडा होता त्यांच्या फुलांना पाणी घालणाऱ्यांसाठी. फाटक बंद असलं की कुणीतरी दयाळू माणूस बाटलीतलं उरलेलं पाणी रोपांवर ओतायचा आणि आबांचा जीव वरखाली व्हायचा.

केडगावजवळचं ते रेल्वेफाटक. आबा तिथले गेटमन. मी पलीकडच्या गावांची नर्स. नव्वदच्या दशकात लूनावर लशींचा डबा बांधून फिरायचे. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल, तर कधीतरी तिथं नक्की अडकला असाल.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं.

"आबा, डब्यातला बर्फ वितळतोय. फाटक उघडा."

"शिष्टर, मालगाडीला सांगा. ती थांबत आसंल तर उघडतो."

मी तणतणत उभी राहिले. वळून पाहते तर आबांनी डबा केबिनच्या सावलीत नेऊन त्यावर स्वतःच्या माठाचं ओलं फडकं टाकलं होतं.

केबिनच्या दोन्ही अंगांना गलांडा फुललेला असायचा. तांबडी पाकळी, पिवळं टोक. स्टेशनवर एका व्यापाऱ्याचं पोतं फाटलं, त्यातली वाळकी फुलं वेचून आबांनी बी धरलं होतं. बाजारात या फुलाला फारसा मान नाही; झेंडू महागला की हारवाल्यांना त्याची आठवण होते. आबांपुढे मात्र हे बोलायची सोय नव्हती.

"वैशाखात तुमचा झेंडू कुठं आसतो? ह्यो उभा आसतो. पुर्निमेला आमच्या विहारात ह्याचाच हार. पाणी कमी घाला, वाळकं फूल खुडत ऱ्हावा. दुसऱ्या सालीबी त्याच बुंध्यातनं फुटतोय."

खुडायला ते मिशीची कात्री वापरायचे. फाटकात अडकलेले लोक ऐकून घ्यायचे, जाणार कुठं? फाटक उघडलं तरी व्याख्यान संपलेलं नसायचं. चालत्या ट्रॅक्टरशेजारी चार पावलं चालून आबा शेवटचा मुद्दा पुरा करायचे.

एका चैत्रात वरून ऑर्डर आली. झाडोऱ्यामुळे रूळ नीट दिसत नाही, आठ दिवसांत सगळं काढा, साहेब तपासायला येतील. दोन दिवस आबा नुसती वाळकी फुलं खुडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ घेतली. एकेका ठोंबाचे तीन-चार भाग केले, ओल्या कागदात गुंडाळले आणि फाटकात थांबेल त्याच्या हातात द्यायला लागले. एसटीच्या कंडक्टरला दिला. वऱ्हाडाच्या ट्रकमधल्या नवरीला दिला. एक मोटारसायकलवाला नको म्हणाला, तर त्याच्या पिशवीत वांग्यांवर ठेवला.

"आज सांच्यालाच लावा. ऊन खाली झाल्याबिगर न्हाई," असं प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं. मला उपकेंद्रासाठी दोन मिळाले.

साहेब आले त्या दिवशी मी फाटकात होते. त्यांनी मोकळी माती पाहिली, रजिस्टरवर सही केली आणि जाता जाता हळूच विचारलं, "इथला गलांडा फार छान होता म्हणतात. एखादं रोप उरलंय का? आमच्या मिसेसनं सांगितलंय."

आबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "ऑर्डर होती, साहेब. समदं काढलं."

केबिनच्या मागे, फुटक्या घमेल्यात, एक ठोंब भरभरून फुललेला मला स्पष्ट दिसत होता. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्यातल्या बर्फाकडे पाहिलं.

साहेबांची गाडी गेल्यावर आबा पायरीवर बसले. "साहेबाशी कवा खोटं बोललो न्हवतो, शिष्टर. पर पुर्निमा बारा दिसांवर हाय."

पौर्णिमेला मी मुद्दाम विहारात गेले. हार इतका छोटा झाला होता की मूर्तीच्या गळ्यात जेमतेम बसला. पांढरा सदरा घातलेले आबा लांबूनच तो कलता झालाय का, हे मान वाकडी करून बघत होते.

पुढे ते रिटायर झाले, लेकीकडे वडगाव रासाईला राहायला गेले. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

फाटकावर नवा गेटमन आला होता, बिहारकडचा तरुण. त्यानं केबिनच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'यहाँ पौधा नहीं मिलता'.

"मॅडम," तो वैतागून म्हणाला, "ये गलांडा क्या चीज है? सब लोग वही पूछते हैं."

फाटक बंद होतं. गाडीला वेळ होता. मी लूना स्टँडवर लावली आणि सांगायला सुरुवात केली.