जुनी थीम काढताना

हे मी आजवर कोणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. ऐकून कोणी म्हणेल, एक फोल्डर डिलीट झाला, त्यात एवढं काय? तसंच म्हणत मीही इतके दिवस काढले. पण फोल्डरचं नाहीच आहे हे — थांब, आधीपासून सांगते, नाहीतर मी पुन्हा भलतीकडेच जाईन.

महाडला एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, आणि बोर्डावर सगळ्यात खाली ‘वेबसाइट बनवून मिळेल’. ही ओळ लिहिली आणि मी स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला. बनवून मिळेल म्हटलं की लोकांना वाटतं जन्मभर सांभाळूनही मिळेल. आंबेनळी घाटातल्या एका लॉजवाल्याला दर दिवाळीला साइटचा रंग बदलून हवा असतो. का? तर मेहुणा म्हणाला. एकदा तर एकाने साइटवर पाऊस पडताना दाखवा म्हणून सांगितलं. आता काय बोलणार?

आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं गं. थीम म्हणजे साइटचे कपडे — रंग, अक्षरं, मांडणी. ती एका बटणावरही चढते म्हणतात. आमच्या नेटवर नाही चढत, अर्ध्यात लटकते. मग हातानेच करायचं. फायली पाठवायचं एक सॉफ्टवेअर असतं, त्यात पडद्याचे दोन भाग. डावीकडे माझा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, म्हणजे जिथे खरी साइट ठेवलेली असते तो लांबचा कॉम्प्युटर. डावीकडचा फोल्डर उचलून उजवीकडे सोडायचा आणि बारक्या बारक्या फायली एकेक करून जाईपर्यंत डोळे फोडत बसायचं. मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. नको असलेली थीम काढायची तर उजवीकडचा फोल्डर निवडून डिलीट. उजवीकडे कचऱ्याचा डबा नसतो. तिकडचं गेलं की गेलं.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. नाव नको. घरटी एक तरी माणूस मुंबईला, म्हणून मंडळंही दोन — गावचं आणि मुंबईचं. त्या दोघांनी मिळून वाडीची साइट करायला दिली. मंडळाचे अध्यक्ष तात्या स्वतः घरोघर फिरून जुने फोटो गोळा करून घेऊन आले. सगळे शिमग्याचे. शिमग्यात पालखी प्रत्येक घरी जाते ना, तेव्हा दारात काढलेले. कोणाची आजी ओवाळतेय, कोणाचा बाप पालखी नाचवतोय. मी ते स्कॅन केले आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत गेले.

आता माझं पहिलं पाप ऐक. साइटवर फोटो ठेवायची वेगळी जागा असते. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिथून ते चढेनात, मी वैतागले, आणि ते सगळे फोटो मी हाताने थीमच्याच फोल्डरमध्ये नेऊन टाकले. जुने कपडे आज ना उद्या टाकून देतात, आणि मी आख्ख्या गावाचे फोटो त्यांच्याच खिशात ठेवले. म्हटलं, नंतर नीट लावू. पुढे पुराचं पाणी दुकानात शिरलं, माझा कॉम्प्युटर गेला, त्यातल्या प्रती गेल्या. तेव्हा तरी सर्व्हरवरचे फोटो उतरवून ठेवायचे होते की नाही? नाही ठेवले. कंटाळा — दुसरा शब्द नाही त्याला.

आणि मग तो संतोष.

संतोष वाडीचाच, मुंबईत कुरिअरच्या ऑफिसात कामाला. मोबाइलवर बघून बघून वेबसाइटचं शिकला, आणि जेवढं शिकला तेवढं सगळं वाडीच्या साइटवर करून बघायला लागला. ताई, ही थीम लावू? ताई, ह्यात देवळाचा फोटो मोठा दिसतो. ताई, ही फुकट हाय. माझ्या पत्रिकांच्या सीझनमध्ये दिवसातून चार वेळा फोन. शेवटी कटकट मिटावी म्हणून मीच त्याला पासवर्ड देऊन टाकला. म्हटलं, घाल काय गोंधळ घालायचा तो. आणि त्याने घातला की. प्रत्येक सणाला नवी थीम. जुनी काढायची असते हे ह्याच्या गावीच नाही. पण एक होतं — साइटने कुठलेही कपडे घातले तरी फोटो मात्र माझ्या त्या पहिल्या फोल्डरमधूनच दिसायचे. संतोषने त्याला कधी हात लावला नव्हता.

त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर तात्यांचा फोन आला, साइट उघडत नाय, सगळं पांढरं दिसतंय. बघते तर रात्री संतोषने नवी थीम चढवायला घेतलेली, अर्धीच चढलेली. माझ्यासमोर पत्रिकेचं गिऱ्हाईक उभं, मशीनमध्ये कागद अडकलेला, आणि उजवीकडे ह्याच्या थीमांची रांग. माझं डोकं फिरलं. त्यातली एक चालू केली, आणि बाकीच्या सगळ्या एका झटक्यात निवडून डिलीट दाबलं. बरं वाटलं मला. अगदी खरं सांगते, झाडू मारल्यासारखं बरं वाटलं.

सॉफ्टवेअरमध्ये खाली एक पट्टी असते, कुठली फाइल चाललीय ते तिथे सरकत असतं. आधी सगळी इंग्रजी अगडबंब नावं गेली. मग नावं ओळखीची यायला लागली. खालचं घर. पोलिसपाटील. पालखी, संतोषचे वडील. ती मीच टाइप केलेली होती. मी थांबवायचं बटण दाबलं, दोनदा दाबलं, पण तोवर माझा तो पहिला फोल्डर रिकामा झाला होता. होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, सगळ्यात स्वस्तातलं घेतलेलं, त्यात बॅकअपच नव्हता. तेही मीच सुचवलेलं.

थोड्या वेळाने तात्यांचा पुन्हा फोन. “साइट आली गो बाय, पण फोटू कंचाच दिसत नाय.”

तेव्हा बोलता आलं असतं. तात्या मला मुलीसारखं मानायचे. दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. मी काय म्हणाले? म्हणाले, “तात्या, पासवर्ड संतोषकडेपण आहे. रात्री त्यानेच काहीतरी उद्योग केलाय.” पहिलं वाक्य खरं होतं, दुसऱ्याचाही अर्धा भाग खरा होता. असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिले. पण विचारलं होतं फोटोंचं, आणि मी नाव घेतलं संतोषचं. याला खोटं नाही तर काय म्हणायचं?

मला वाटलं, त्याला दोन शब्द ऐकवतील, संपेल. गावकी काय असते हे मी विसरले. वाडीत चूक झाली की ती घरात मिटत नाही. शिमग्याला सगळे चाकरमानी आलेले, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसलेली, आणि तिच्यासमोर, सगळ्या गावासमोर, संतोषने नारळ ठेवला आणि ‘माझ्या हातून गावाचे फोटो गेले’ म्हणून माफी मागितली. त्याची आई बायकांत बसून ऐकत होती. मुंबई मंडळानेही त्याला काढलं. हे मला तात्यांनीच दुकानात येऊन सांगितलं. सोबत प्रसादाचं खोबरं आणलं होतं. मी ते घेतलं आणि खाल्लं.

लोकांनी मूळ फोटो पुन्हा शोधले. काही मिळाले, काही वाळवीने खाल्लेले होते. संतोषच्या वडलांचा तेवढा एकच होता — कपाळभर गुलाल, खांद्यावर पालखी, तोंडभर हसताहेत. संतोषला चालताही येत नव्हतं तेव्हा ते वारले. मूळ फोटो कौलातून पाणी गळून भिजला होता, पांढराफटक. मुंबईत त्याला बापाचा चेहरा बघायला मिळायचा तो त्या साइटवरच. म्हणून तर तो ‘देवळाचा फोटो मोठा दिसतो, पालखी मोठी दिसते’ असं करत सारखा थीम बदलायचा. हे मला कधी कळलं? नंतर दुकानात येऊन त्यानेच सांगितलं तेव्हा.

शिमगा आटपून मुंबईला जाताना तो महाडला उतरला आणि दुकानात आला. मला वाटलं, भांडायला आला. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, “ताई, मी लय आठवून बघितलं. मला तर वाटत नाय मी डिलीट केलं. पण माझ्याच हातून झालं असंल. रात्री डोळं मिटत होतं. तुमच्या कामाची मी वाट लावली, माफ करा.”

त्याने माझी माफी मागितली. आणि मी — मी ती दिली. “जाऊ दे रे, होतं असं,” म्हणाले. वर चहा मागवला. वर त्याला शिकवलं की काही काढायच्या आधी प्रत उतरवून ठेवायची असते. तो मान डोलावून ऐकत होता आणि मला त्याचाच राग येत होता. भांडत का नाही हा? एकदा तरी उलटून विचारायचं होतं ना, ताई, तुम्हीच तर नाही? विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं का — नाही. नसतं केलं. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

तात्या आता नाहीत. मंडळाने संतोषला परत घेतलं, साइट पुन्हा त्याच्याकडेच आहे. पण आता तो मला विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. परवाही फोन आला. “ताई, जुनी थीम काढायची हाय. काढू?”

मी सवयीने म्हणाले, “आधी आत फोटो आहेत का बघ.”

“आता कुठलं फोटू, ताई,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “काढ मग.”