आमची वाटेकरीण

एकटीनं खाणं तिला जमायचंच नाही. तत्त्व वगैरे काही नाही, घासच उतरायचा नाही. पेरू असो, बिस्कीट असो, कोणाच्या घरून आलेला एकच एक लाडू असो. खोलीत जितक्या जणी असतील तितके भाग व्हायचे आणि मगच तिच्या तोंडात काही जायचं. एकदा मला ताप आला. डॉक्टरांनी मोसंबी खायला सांगितली, तर तीही हिनं सगळ्यांत वाटली. मी म्हटलं, "अवं, आजारी मी हाय ना?" तर म्हणे, "तुले दोन फोडी जास्त देल्या ना." तेव्हापासून आम्ही तिला वाटेकरीण म्हणू लागलो. मंगला हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

चंद्रपूरला आम्ही चौघी एका भाड्याच्या खोलीत राहायचो. मी कोरपन्याकडची, कापूसवाल्यांच्या घरातली, तोंडानं फटकळ. ती सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या गावची, ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, घरातली. रक्त-लघवी तपासणीचा वर्षभराचा कोर्स आम्ही करत होतो. हाताचं काम एका दवाखान्याच्या लॅबमध्ये शिकायचं आणि धडे मात्र ऑनलाइन. हा शब्द तेव्हा नवाकोरा होता, आम्ही तो घरी जाऊन मुद्दाम दोनदा उच्चारायचो. मोबाइल होते, पण फक्त बोलण्यापुरते. प्रत्येकीला एक नाव आणि एक पासवर्ड मिळालेला. सेंटरवर जायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं, आपलं नाव टाकायचं, की धडा उघडणार. धडा संपला की परीक्षा, सगळे धडे संपले की मोठी परीक्षा, तीही तिथंच. पास झाल्यावर कामाला ठेवतो, असं लॅबच्या डॉक्टरांनी वाटेकरणीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिचा हात इतका हलका होता की लहान पोरंही तिच्याकडून रक्त काढून घ्यायची.

तिला पास होणं भागच होतं, आणि त्याचं कारण ऐका. तिच्या गावच्या तलावात मोठं जाळं पडलं की घरटी एक माणूस पाण्यात उतरायचा. जाळं सगळ्यांनी ओढायचं आणि मासळीचे सारखे वाटे करायचे. कोणी चार दिवस आजारी असेल, कोणाच्या घरी बाळंतपण असेल, तर त्यांचाही वाटा निघायचा. पण कायमचं कोणी येणारच नसेल तर त्या घराला वाटा नाही. तिच्या बापाचा पाय अधू झालेला आणि आई दम्याची, म्हणून दहावीपासून हीच पाण्यात उतरायची. ही शिकायला निघाली तेव्हा प्रश्न आला की घराचं काय? मच्छीमार सोसायटीचे म्हातारे गणपतभाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी शिकून राह्यली म्हंजे ते पान्यातच हाय समजा. तिचा वाटा निंघन." वर्षभर, ती चंद्रपुरात असताना, गावानं तिच्या घरी मासळी पोचवली. हे ती आम्हाला सारखं सांगायची. सांगताना तिला अभिमान वाटायचा, आणि त्याचं ओझंही, ते दिसायचं.

आता कॉम्प्युटर. धड्यात एका बाईचा आवाज असायचा, गोड, सावकाश, रेडिओवरच्यासारखा. वाटेकरीण तिला 'आतली बाई' म्हणायची. आतल्या बाईनं "नमस्कार विद्यार्थ्यांनो" म्हटलं की ही कानाला हेडफोन लावून सगळ्या सेंटरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं "नमस्कार बाई" म्हणायची. आम्ही हसून लोळायचो. ती मात्र गंभीर. "ते आपल्याले शिकवून राह्यली, अन् आपण साधा नमस्कार नाई कराचा?" पुढं पुढं तिचं बोलणं वाढलं. "थांबा बाई, हे लिहून घेऊ द्या," असं ती विनवायची. आतली बाई काही थांबायची नाही.

प्रत्येक पानाच्या खाली एक बटण असायचं, 'समजले'. ते दाबल्याशिवाय पुढचं पान यायचं नाही. आम्ही काय, पान आलं की दाब, आलं की दाब. माझं तर बोटच त्या बटणावर ठेवलेलं असायचं. वाटेकरीण दाबायची नाही. त्याच पानावर अर्धा अर्धा तास बसून राहायची. मी वैतागून म्हणायची, "दाब ना वं, कोन पाहते?" तिचं उत्तर ठरलेलं, "समजलं नाई तं समजलं कसं म्हनू? बाईले खोटं वाटन ना." मी कपाळाला हात लावायची. तिच्या मागे खुर्चीसाठी दुसऱ्या पोरी ताटकळत उभ्या असायच्या, सेंटरवाले सर घड्याळाकडं बोट दाखवायचे, आणि ही तिथंच. आमचे धडे तिच्या कितीतरी पुढं गेले. पण मागच्या धड्यांतलं काही अडलं की आम्ही तिलाच विचारायचो, हेही सांगायला हवं.

त्यात वीज. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिवसरात्र धूर सोडायच्या, आमच्या खोलीच्या गच्चीवरून दिसायच्या, आणि आमच्याच सेंटरात दुपारभर लाइट नाही. धडा अर्ध्यात असताना वीज गेली की परत आल्यावर तो पहिल्या पानापासून सुरू. पुन्हा "नमस्कार विद्यार्थ्यांनो." पुन्हा हिचं "नमस्कार बाई." दहाव्या वेळी तरी चिडावं माणसानं, पण नाही. तिला वाटायचं, बाई बिचारी पुन्हा पहिल्यापासून सांगते, तिला किती त्रास.

तिथं प्रश्न विचारायलाही एक जागा होती. एकदा रक्तगटाचं काहीतरी तिला अडलं. तिनं एकेक अक्षर शोधून भलंमोठं लिहिलं. आधी बाईंची तब्येत विचारली, मग आपलं गाव सांगितलं, मग प्रश्न. लगेच उत्तर आलं, 'आपला प्रश्न नोंदवला आहे.' तिचा आनंद पाहायला हवा होता. "पाह्य, नोंदवला म्हनते," असं खोलीवर येऊन सगळ्यांना सांगितलं. नंतर रोज आधी ती जागा उघडून बघायची. पावसाळा गेला, दिवाळी आली, उत्तर काही आलं नाही. मी म्हटलं, "अवं, तिथी कोनीच नाई. ते मशीन हाय." ती जराशी हिरमुसली. मग म्हणाली, "तिच्याकडं लय पोरी असतीन. आपला नंबर येईन." मला तर त्या संस्थेच्या लोकांना धरून हलवावंसं वाटायचं.

दिवाळीला ती गावी गेली ती हसत परत आली. गणपतभाऊंची नात सुषमा आणि तिची चुलत बहीण बारावी होऊन घरीच बसल्या होत्या. त्यांनाही हे शिकायचं होतं, पण त्यांना चंद्रपूरला कोण पाठवतो? वाटेकरणीनं त्यांना आपलं नाव आणि पासवर्ड देऊन टाकला. सिंदेवाहीला नेट-कॅफे होता. बाजाराच्या दिवशी दोघी जाऊन तिच्या नावानं धडे बघणार. मला हे कळलं तेव्हा मी ओरडलेच. "पासवर्ड कोनाले देत असते का?" तिला माझं ओरडणं खरंच कळलं नाही. "गावानं वर्षभर माहा वाटा काढला," ती म्हणाली. "मंग धड्यात त्याईचा वाटा नाई का? धडा काई कमी होते का देल्यानं?" खरंच, कमी होत नव्हताच. दोघी पोरी हुशार निघाल्या. फोनवरून तिला प्रश्न विचारायच्या आणि ही गच्चीवर उभी राहून समजावून सांगायची. आतल्या बाईपेक्षा फार चांगलं समजावायची.

मोठी परीक्षा आठवड्यावर आली आणि एका सकाळी तिनं आपलं नाव टाकलं तर धडा उघडेना. पडद्यावर लाल अक्षरं आली, की या नावाचा गैरवापर झाल्यामुळं ते बंद केलं आहे. तिनं पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. एकच नाव एकाच वेळी चंद्रपुरात आणि सिंदेवाहीत उघडं होतं. दुसऱ्या कोणाकडून परीक्षा लिहून घेतात असा संस्थेला संशय आला. सेंटरवाले सर तसे भले माणूस. त्यांनी आमच्यासमोरच संस्थेला फोन लावला आणि ठेवल्यावर तिला हळूच म्हणाले, "मंगला, एक अर्ज लिही, पासवर्ड चोरीला गेला म्हणून. दोन दिवसांत चालू करून देतात." मला वाटलं, सुटलो. ती मग म्हणाली, "चोरीले गेला म्हटलं तं चोर कोन ठरते सर?"

सर म्हणाले, कोणी नाही ठरत, नुसतं लिहायचं असतं. पण तिच्या डोक्यातून ते जाईना. कॅफेवाल्याच्या वहीत पोरींची नावं होती. कोणी विचारत गेलं तर? ढिवरांच्या पोरींनी चोरी केली असं सिंदेवाहीच्या बाजारात झालं तर? मी तिला खोलीवर नेऊन समजावलं, शिव्या घातल्या, रडले. मी तिच्या पाया पडले असते. ती एकच म्हणत राहिली, "मीच देलं अन् मीच चोरीले गेलं म्हनू?" शेवटी तिनं अर्ज लिहिला, पण त्यात खरं तेच लिहिलं: माझ्या गावच्या दोघी माझ्या नावानं शिकत होत्या, मीच त्यांना सांगितलं, त्यांची चूक नाही. त्याचं उत्तर मात्र लगेच आलं. तिचा प्रवेश रद्द झाला. आमची परीक्षा झाली तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती, आणि आतली बाई आम्हाला शुभेच्छा देत होती. मी रागानं हेडफोन काढून ठेवला.

जायच्या दिवशी ती ट्रंक भरत होती. रडली नाही, तेच मला सहन होईना. मी म्हटलं, "गावात खरं सांग. गणपतभाऊले सांग, त्याईच्याच नातीपायी झालं म्हनून." ती ट्रंक सोडून माझ्याजवळ येऊन बसली. "सांगितलं तं त्या पोरींले मारतीन. अन् मंग आमच्या गावातली कोनतीच पोरगी शिकाले बाहेर नाई जाऊ देनार. कोर्स संपला म्हनून धडे बंद झाले, असं पोरींले सांगून देलं. मी नापास झाली असंच सांगनार हाय. तूही तेच सांगजो." तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि मला शपथ घातली. त्या वेळी मला तिचा इतका राग आला की मी तिला बस स्टँडवर सोडायलाही तिच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून गेले.

मी पास झाले. लॅबच्या डॉक्टरांनी तिची जागा मला दिली. रोज कोणाचं तरी रक्त काढताना पोरगं रडायचं आणि मला तिचा हलका हात आठवायचा.

उन्हाळ्यात मी तिच्या गावी गेले. ती नव्हती. तिनं गावात सांगितलं होतं, की वर्षभर मी पाण्यात आहे असं समजून तुम्ही वाटा दिलात आणि मी तर वर्ष बुडवलं. आता वर्षभर आमच्या घराचा वाटा काढू नका. गणपतभाऊ नको म्हणाले होते, पण ही ऐकते का. वाटा नाही म्हटल्यावर घर चालणार कसं? म्हणून ती गावातल्या बायांबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेली. मिरची संपली, बाकीच्या बाया परत आल्या, ती आली नाही. तिकडंच कुठंतरी काम धरलंय, एवढंच एकीनं सांगितलं. कुठल्या गावात, ते त्या बाईलाही नीट सांगता येईना.

तिच्या आईनं मला बसवून चहा ठेवला. चंद्रपूरहून कोणी आलंय हे कळून सुषमा धावत आली. चुणचुणीत पोरगी, डोळे नुसते चमकत होते. तिला सगळे धडे तोंडपाठ होते. रक्तगट कसे ओळखायचे ते तिनं मला उभ्या उभ्या सांगितलं, एक शब्द चुकला नाही. पुढच्या वर्षी आजोबा तिला चंद्रपूरला पाठवणार होते, कोर्ससाठी. मग ती जरा जवळ सरकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "एक विचारू का बाई? आमी दोघी कॅफेत बसून धड्याच्या परीक्षेत पास होत होतो. मंगलाताई तं रोज तिथीच राहत होती. तरी ते नापास झाली. तिनं अभ्यासच नसन केला ना?"

चुलीजवळ वाटेकरणीची आई आमच्याकडं पाठ करून बसली होती. तिचा चहा ढवळणारा हात थांबला.

मी म्हणाले, "हो. नाई केला तिनं."

आईनं चहा गाळला आणि कप आणून माझ्या हातात दिला.