तिच्या अक्षरातले फुगे

परवा माझ्या मुलीने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एक भन्नाट प्रकार दाखवला. जगभर गाजलेला एखादा सिनेमा घ्यायचा, त्यातली दृश्यं एकापुढे एक लावायची, आणि पात्रांच्या तोंडी मूळ संवादांऐवजी खेळाडूंची भांडणं घालायची. समजायचं असं की, चार-पाच टवाळ मंडळी टेबलाभोवती बसून फासे टाकताहेत. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलंय, एक जण गोष्ट चालवतोय, आणि पडद्यावर जे दिसतं ते सगळं यांच्या दानावर घडतंय. वीर तलवार उपसून उभा, आणि त्याच्या तोंडाजवळच्या संवादाच्या फुग्यात लिहिलेलं, ‘एकच पडला यार, परत टाकू का?’

मी खुर्चीतून पडायच्या बेताला आलो. मुलगी म्हणाली, “बाबा, हे सध्या लोक करतात.” मी अत्यंत गंभीरपणे तिला सांगितलं की हे आम्ही आमच्या गावी, नांदूरघाटात, करून बसलोय. विमानाचा शोध आपल्या आजोबांनी लावला म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग मी तिला त्यातली हसण्यासारखी अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी इथे लिहितो.

तेव्हा मी विशीत होतो. तालुक्याला, केजला, झेरॉक्सचं मशीन नुकतंच आलं होतं, बसस्टँडसमोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला होता, आणि आमच्या किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांची माळ लोंबायला लागली होती. दुकान माझ्या चुलत्यांचं. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडात मोजून शब्द. एकदा दिलेला शब्द आप्पांनी फिरवल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. घर एकत्र होतं, मी दुकानात बसायचो, म्हणजे मुख्यतः बसायचोच.

गावात तंबूतला सिनेमा यायचा. तंबूवाल्याशी माझी दोस्ती. त्याने एकदा बाहेर लावायच्या फोटोंचा एक जुना खोका मला देऊन टाकला. फाटके, पाण्याने डागळलेले, पण सिनेमाचे खरे फोटो. त्यावरून मला खेळ सुचला. मी सिनेमा बघून यायचो आणि बाकीच्यांना सांगायचो, पण पुढे काय होणार हे नाही सांगायचं. ते त्यांनी ठरवायचं. पटाच्या पाच कवड्या टाकायच्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं, नाहीतर फजिती. गोष्ट चालवणाऱ्याला आम्ही ‘पडदा’ म्हणायचो. पडदा अर्थातच मी. दुसऱ्या कुणाला मी होऊच दिलं नसतं.

खेळाडू तीन. शेजारचा शिंपी हिरो व्हायचा. मारामारीआधी तो न चुकता विचारायचा, अंगात शर्ट कोणत्या कापडाचा आहे, शिवण उसवेल का. डॉक्टरांचा कंपाउंडर व्हिलन. स्वभावाने इतका गरीब की हिरोच्या आईला पळवून नेताना तिचा ताप बघायचा. आणि तिसरी माझी चुलत बहीण, आप्पांची मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बारावी झालेली. डी.एड.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं, अंबाजोगाईला. दोन वर्षं होस्टेलमध्ये राहायचं होतं. आप्पांनी ‘हो’ म्हटलं होतं, हेच घरात मोठं नवल होतं.

आम्ही दुपारी, दुकान बंद असताना माळवदावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर बसायचो. परक्या पोरांबरोबर ती बसणं शक्य नव्हतं, म्हणून ती जिन्यात बसायची. जिन्याच्या तोंडातून फक्त तिचा हात वर यायचा, कवड्या टाकायचा आणि परत खाली जायचा. काकूंना हे ठाऊक होतं. त्या खाली शेंगा फोडत बसायच्या आणि मधूनच हसल्याचं ऐकू यायचं.

तिने सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. तंबूत आमच्या घरच्या बायका जात नसत. त्यामुळे हिरॉइनने काय काय करायचं नसतं, हे तिला माहीतच नव्हतं.

एक सिनेमा होता. हिरॉइनच्या बापाने तिचं लग्न व्हिलनशी ठरवलेलं, तिला गोडाऊनमध्ये बांधून ठेवलेलं, आणि बाहेर हिरोची तगमग. मी आवाज कापरा करून सांगितलं की, हिरॉइन हिरोच्या नावाने हाका मारते आहे.

“कावून? कशापायी?” जिन्यातून प्रश्न आला.

मी म्हटलं, तू बांधलेली आहेस.

“गोडाऊनमधे काय हाय?”

पोती, मी म्हणालो. मग तिने विचारलं, पोती आहेत म्हणजे हमालाचा आकडा असणारच. तिने आकड्याने दोर तोडला, चार कवड्या उताण्या. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, कारण फोटोत तो दिसत होता. ट्रॅक्टर चालू केला, पाच उताण्या. शिंपी तेव्हा भिंतीवरून उडी मारायच्या प्रयत्नात तिसऱ्यांदा शेणात पडलेला. व्हिलन रस्त्यात आडवा आला, तर तिने त्यालाच बापासाठी निरोप दिला. कंपाउंडरने इतक्या आदराने तो ऐकून घेतला की आम्ही पोट धरून लोळलो.

आता नियमाची गोष्ट. शिंपी एक नंबरचा नाकबूल्या. फजिती झाली की म्हणायचा, मी असं म्हणलोच न्हाई. म्हणून आम्ही पंचनाम्यासारखा नियम केला होता. खेळ झाला की तंबूचे फोटो वहीच्या कागदांवर चिकटवायचे, वर कागदाचे फुगे लावायचे, आणि ज्याचं पात्र त्याने आपल्या हाताने त्यात लिहायचं. जे बोललं तेच, आणि ज्याचं त्यानेच. असं अख्खं सिनेमाचं पुस्तक तयार व्हायचं. तिच्या फुग्यातलं अक्षर तर छापल्यासारखं होतं. त्या फोटोत हिरॉइन पदर डोळ्याला लावून रडते आहे आणि वर फुग्यात लिहिलंय:

‘बापाला सांगा, मला इचारल्याबिगर कुणाला सबूद द्यायचा न्हाई. मी शिकून येते, मंग बघू. तवर ट्रॅक्टर माझ्याकडं ऱ्हाईल.’

मी ठरवलं, याच्या झेरॉक्स काढायच्या. गावाला हसवायचं. ती जिन्यातून म्हणाली, “काढ, पण माझे फुगे तुझ्या अक्षरात लिही आधी.” मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. पण माझं अक्षर म्हणजे मुंगळा शाईत पडून कागदावर चालत गेलेला, आणि तिच्या फुग्यांमुळे पान कसं देखणं दिसत होतं. शिवाय नाव तर कुठंच नव्हतं. केजला गेलो आणि आहे तसंच काढून आलो. एक प्रत शिंप्याच्या दुकानात, एक दवाखान्याच्या बाकावर, बाकीच्या जो मागेल त्याला. आठवडाभर मी गावातून राजासारखा फिरलो.

शिंप्याच्या दुकानातली प्रत बिस्किटांच्या फिरत्या एजंटाने उचलली. त्याचा रस्ता कडा या गावापर्यंत जायचा.

कड्याला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, एक दुकानदार घर होतं. त्यांच्या मुलाशी तिचं जमवायचं चाललं होतं. आप्पांनी शब्द दिला होता, त्यांनीही मुलीची दोन वर्षं मान्य केली होती. हे तिलाही माहीत होतं, आणि दोन वर्षं मिळताहेत म्हणून ती गप्प होती. आप्पांची पत्रं लिहायचं काम घरात तिच्याकडेच. ते सांगायचे, ती लिहायची. कड्याला गेलेलं प्रत्येक कार्ड, तिची स्वतःची जन्मवेळ कळवलेलं कार्डसुद्धा, तिच्याच हातचं होतं.

एका दुपारी कड्याहून लग्नाचे मध्यस्थ आले. वयस्कर, सावकाश बोलणारे. पाणी प्यायले, पान घेतलं, आणि घडी घातलेली झेरॉक्स दुकानाच्या फळीवर ठेवून म्हणाले, “मुलीचं अक्षर लई वळणदार हाय, म्हणले ते.” मग बाकीचा निरोप सांगितला. अंबाजोगाईचं राहू द्या. लग्न दिवाळीनंतर लगेच करा. नाहीतर तुम्हीही मोकळे, आम्हीही. उत्तर कार्डाने कळवा, एवढं सांगून ते चारच्या गाडीने गेले.

आप्पांनी ती झेरॉक्स वरपासून खालपर्यंत वाचली. हिरोचा शेणात पडल्याचा फुगाही वाचला, पण ते हसले नाहीत. मग मला विचारलं, हे कुणी लिहिलं.

“मी,” मी म्हणालो.

त्यांनी कानावरचं पेन काढलं, साबणाच्या खोक्याचा एक पुठ्ठा पुढे केला. “लिही.”

जे वाक्य मी दहा दिवसांपूर्वी माझ्या अक्षरात लिहायचं कबूल केलं होतं, ते आता लिहायला बसलो. जीव तोडून वळण आणत होतो. ‘बापाला सांगा’ एवढ्यातच मुंगळा चालायला लागला. आप्पांनी पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

आतल्या दारातून ती बाहेर आली. सगळं ऐकलं असणार. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली तेच वाक्य एका दमात लिहिलं. ट्रॅक्टरसकट.

“माझंच हाय, आप्पा. ह्यो खोटं बोलायलाय.”

“खेळातलं हाय का मनातलं?”

मला वाटलं, आता म्हणेल खेळातलं. म्हटलं असतं तर निदान घरापुरतं तरी मिटलं असतं.

“लिवलं तवा खेळातलं होतं,” ती म्हणाली. “आता इचारताव म्हणून सांगते, मनातलं हाय.”

आप्पा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला भांडता आलं असतं, काकू मधे पडल्या असत्या, काहीतरी झालं असतं. त्यांनी गल्ल्यातून एक कोरं कार्ड काढलं, फळीवर ठेवलं, आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “घे लिहून.”

ती बसली. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. कळविण्यास कारण की, आपला निरोप मिळाला. मुलीच्या शिक्षणाबद्दल आमचा आग्रह नाही. दिवाळीनंतरची तिथी आपण काढावी. मधे एकदा त्यांचा आवाज अडला. तिने मान वर न करता, पेन टेकवून, पुढच्या शब्दाची वाट पाहिली. त्यांनी तो सांगितला. शेवटी त्यांनी सही केली आणि कार्ड माझ्याकडे दिलं, कारण टपालाची कामं माझ्याकडेच असायची.

पोस्टाची पेटी दुकानापासून दोनशे पावलांवर होती. शिंप्याने वाटेत हाक मारली, पुढचा खेळ कधी म्हणून. मी थांबलो नाही. पेटीपाशी जाऊन कार्ड दोनदा वाचलं. खोडसाळ पोरगी होती ती. वाटलं, एखादा शब्द तरी बदलला असेल, एखादी ओळ कोपऱ्यात घुसवली असेल. काहीच नव्हतं. सगळं सांगितल्याप्रमाणे, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही.

अंबाजोगाईला प्रवेशाचे पैसे भरायला अजून चार दिवस होते. कार्ड हरवलं म्हणून सांगता आलं असतं. टपालात कार्डं हरवतातच. त्या चार दिवसांत आप्पांचं मन वळलं असतं का, मला माहीत नाही. ते कार्ड फाडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मी ते पेटीत टाकलं आणि घरी येऊन जेवलो.