केसाएवढी अक्षरं

अक्षरानं अंगावर जरा मांस धरलेलं ज्याला सहन होत नाही, असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे वणीतले आमच्या शेजारचे पेंटर काकाजी. विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. काकाजी स्वतः चांगले आडव्या बांध्याचे. पण अक्षर काढायचे ते केसाच्या जाडीचं. खारीच्या शेपटीचा ब्रश, कंपास आणि फूटपट्टी, एवढाच संसार. प्रत्येक अक्षर वर्तुळ आणि सरळ रेघ यांतूनच निघालं पाहिजे, हा हट्ट. ‘ठ’वर त्यांचा जीव. ‘क्ष’नं मात्र त्यांना अख्खा उन्हाळा छळलं. “अक्षर कसं पाह्यजे? उपाशी!” ते म्हणायचे. “हे बाजारातले अक्षरं पाह्य, सारे पंगतीतून उठून आल्यावानी.”

वाचता येत नाही म्हटलं, की उत्तर तयार, “कायले दुरून वाचून राह्यला मंग?” एका जिनिंगवाल्यानं त्यांच्याकडून ‘येथे विडी पेटवू नये’ अशी पाटी करून घेतली. कापसाच्या गंजीशेजारची ती पाटी तिन्हीसांजेला एका गाडीवानाला दिसली. काय लिहिलंय ते कळेना, म्हणून त्या भल्या माणसानं काडी पेटवून पाटीजवळ धरली आणि एकेक अक्षर लावत वाचली. वाचून झाल्यावर घाबरून फुंकर मारली, म्हणून जिनिंग वाचलं. मालक संतापून काकाजींच्या घरी आले, तर यांनी शांतपणे विचारलं, “पण पुरी वाचली ना त्यानं?”

खरं तर पाट्या पोटापुरत्या होत्या. या अक्षरांचे छापखान्यासाठी शिशाचे खिळे पाडून घ्यायचे आणि मुलांचं पहिलं पुस्तक त्यांत छापायचं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी एकेक अक्षर कार्डावर काढून ट्रंकेत ठेवत. चारच अक्षरं काढायची उरली होती, तेव्हा गावात त्यांचं अचानक नाव होऊ लागलं. पाट्या दुरून वाचता यायला लागल्या. किराणावाला म्हणाला, “काकाजी, आता कसं झकास झालं! काहून पयलेच असं काढलं नाई?” मलाही तेव्हा आनंदच झाला होता, त्याची आज लाज वाटते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आपली रेघ एकाच जागी दोनदा-तीनदा फिरतेय, हे त्यांना कळत होतं, फक्त दिसत नव्हतं.

शेवटचं अक्षर त्यांनी एका रविवारी अंगणात, भर उन्हात बसून काढलं आणि मला हाक मारली.

“खरं सांगजो. बाकीच्यावानीच हाये ना रेघ? का जाडी झाली?”

रेघ चांगली सुतळीएवढी झाली होती. मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“काकाजी, मला तर नीट दिसतच नाही हो.”

त्यांचा चेहरा उजळला. “मंग जमलं,” ते म्हणाले आणि कार्ड चाचपडत उन्हात वाळत ठेवलं.