मुंजीच्या आठवड्यातला फोन

पुण्यातल्या घराची गोष्ट म्हटली की तुम्ही दारावरच्या पाटीची वाट बघणार. पाटी नव्हती. साधी बेल होती, तीही पहिल्या दाबात वाजली. विदर्भातल्या पोराची गोष्ट म्हटली की तुम्ही कापूस आणि कर्ज काढणार. तेही नाही. आमच्याकडे शेतच नाही. बाबा एसटीत मेकॅनिक होते, वारले. मी हिंजवडीत फोनवर लोकांच्या शिव्या खातो आणि ब्रेकमध्ये मॅनेजरच्या नकला करतो. बस.

तर मंडईच्या मागची बिल्डिंग, दुसरा मजला. मी पायपुसण्यावर उभा. हातात आत्याच्या धायरीच्या फ्लॅटची किल्ली आणि तिच्या मृत्यूचा दाखला. दार सताड उघडं. आत सोफ्यावर नाना, म्हणजे आत्याचे दीर. शेजारी काकू, त्यांच्या मिसेस. समोर धायरीच्या सोसायटीचे सेक्रेटरी, फ्लॅट नानांच्या नावावर करायच्या कागदांसाठी बोलावलेले. तिघांच्या हातात चहा. आत या, असं कोणी म्हणेना.

"केस काढलेत?" नानांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. "कशाला उगाच."

आत्या नर्स होती. तिने नानांच्या थोरल्या भावाशी लग्न केलं, स्वतःच्या मनाने. आमची जात यांच्या जातीच्या बरीच खाली. म्हणून या घरात तिला कधी ताटावर बसवलं नाही. पुढे आत्याचे यजमान वारले. मूलबाळ नाही. धायरीचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारावर घेतलेला, नाइट ड्यूट्या करून. मृत्युपत्र करायचं राहून गेलं. आणि कायदा असा, की अशा बाईची कमाई आधी नवऱ्याच्या माणसांकडे जाते. म्हणजे नानांकडे. मी एका वकीलबाईंना विचारलं. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आज त्या माझी फिरकी घेतायत.

शववाहिनीपासून तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळं मी केलं. थोडे पैसे रूममेट्सनी दिले. बाकीच्यासाठी आईने सोन्याची पोत पतपेढीत गहाण ठेवली. फ्लॅट ज्याला मिळेल त्याने तेवढा खर्च द्यावा, एवढंच माझं म्हणणं. ते मी म्हटलं. अहो, आपण, कृपया, सगळं लावून. पुण्यात आल्यापासून मी 'हाव' सोडून 'हो ना' म्हणायला शिकलोय. तसल्या भाषेत.

नानांनी कप खाली ठेवला. "आम्ही सांगितलं होतं का तुम्हाला? उद्या कोणी न विचारता आमचं घर रंगवून गेला, तर त्याला पैसे द्यायचे?"

सेक्रेटरी हसले. मोकळं, पोट हलवत. मी पण हसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. आत्याला जाळलं ते घर रंगवणं झालं आणि मी हसलो. सवय. कोणी टाकून बोललं की माझं तोंड आधी हसतं.

मग नाना उठले. पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि दाराशी असलेल्या चपलांच्या रॅकवर ठेवली. माझ्या हातात नाही. माझा हात पुढे होता, तरी.

"पेट्रोलचे. किल्ली आणि दाखला इथेच ठेवा."

मी ठेवले. खरंच ठेवले. चपलांवर. हात नोटेकडे गेलाही.

तेवढ्यात ते सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "अग्नी द्यायचा अधिकार आमच्या घराचा. केलं असतं हो सगळं रीतसर. पण यांनी आम्हाला कळवलंच नाही."

कळवलं नाही.

माझी मान आपोआप ताठ झाली. डोळे अर्धे मिटले. नाकातून आवाज निघाला, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

"हे बघा, तुम्ही फोन केलेला नाही आणि मी उचललेला नाही. रविवारी नातवाची मुंज आहे. कळलं की सुतक लागतं. तेव्हा आम्हाला कळलेलं नाही. मुंज झाली की बघू. ठेवतो."

आत्या गेली त्या सकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमधून मी नानांना फोन केला होता. तेव्हाचे त्यांचे शब्द हेच. मला पाठ करावे लागले नाहीत. हॉल बुक, केटरर ठरलेला, आणि सुतकात मुंज होत नाही. म्हणून या माणसाने एक आख्खी बाई मेलेली ऐकूनही ऐकली नाही. मुंज झाली. पंगती उठल्या. मग त्यांना कळलं. आणि कळल्या कळल्या आधी फ्लॅट आठवला.

आवाज नानांचाच होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. सेक्रेटरींचं पोट हलायचं थांबलं.

"म्हंजी यांना ठावं व्हतं?" ते म्हणाले. "नाना, सुतक न्हाय धरलं, आन फ्लॅट धरताय व्हय?"

काकू पांढऱ्या पडल्या. त्यांना माहीत नसावं. "अहो, म्हणजे मुंज सुतकात केली आपण?" आत्या गेली त्याचं काही नाही. मुंज बाटली.

"बाहेर व्हा," नाना मला म्हणाले.

"मी बाहेरच आहे, नाना."

दाखला उचलला. किल्ली उचलली. नोट राहू दिली. जिना उतरताना आतून नुसती मजा. मंडईच्या गर्दीत उभ्याउभ्या रूममेट्सना तो आख्खा सीन व्हॉइस नोट करून पाठवला. हसून मेले सगळे. मग आईला फोन लावला. तिलाही तेच ऐकवलं, नाकातल्या आवाजासकट.

आई हसली नाही.

"झालं तुहं?" ती म्हणाली. "आत्या मेली तं तू लोकायले हासवून आला?"

मी म्हटलं, अगं त्याची वाट लावली मी.

"त्याच्या आवाजात बोलला. मंग तुह्या आवाजात काय बोलला, थे सांग."

मला आठवेना.

"हात पुढं केला अन् हासला, एवढंच ना? माही पोत तिथंच हाय. तुहे पैसे तिथंच हायेत. तिनं तुले शिकवलं, तुह्या फिया भरल्या. अन् तिच्यासाठी भांडाले गेला तं सोंग घेऊन गेला. लाज नाही वाटत? नकला कर तुह्या हापिसात. माह्या ननंदेच्या मढ्यावर नोको करू."

फोन ठेवला तिने. परत लावला तर उचलला नाही.

सोमवारी नोटीस जातेय. वकीलबाई म्हणतात, अंत्यविधीचा वाजवी खर्च मयताच्या मालमत्तेतून आधी फिटतो, वारस नंतर. नोटीस पोस्टाने जाईल, पोच घेऊन. म्हणजे नानांना सही करावी लागेल, कळलं म्हणून. मुंज असो, लग्न असो. आणि उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर अहो-आपण घरी ठेवून जाणार. मले म्हणणार. माही आत्या होती, म्हणणार. कोणी हसलं तर हसू दे. मी हसणार नाही.